रकाना

वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून मी बरीच वर्षं जातोय. यंदा अंतिम फेरीचा विषय होता ‘गांजाला कायदेशीर मान्यता द्यावी’. कोणी कोणत्या बाजूने बोलायचं ते नाणेफेकीवर ठरतं. नाणं पडलं आणि एका मुलीचा चेहराही पडला. तिच्या फायलीत अनुकूल बाजूचे हिरवे कागद बोटभर जाड होते, प्रतिकूल बाजूचे गुलाबी जेमतेम चार. वाट्याला आली प्रतिकूल बाजू. तिने एकदा डोळे मिटले, फाइल उलटी केली आणि त्या चार गुलाबी कागदांवर सहा मिनिटं किल्ला लढवला.

स्पर्धा संपल्यावर ती जिन्यात भेटली. म्हणाली, “सर, पण तुमचं मत काय?”

“परीक्षकाला मत नसतं,” मी म्हणालो आणि सटकलो.

हे धादांत खोटं होतं. मला या विषयावर मत आहे. एक नाही, दोन आहेत आणि अबोला धरलेल्या दोन भावांसारखी ती एकाच घरात वर्षानुवर्षं नांदताहेत.

पहिलं मत वसतिगृहातलं. शेजारच्या खोलीत राहणारा माझा मित्र गणितात आम्हा सगळ्यांच्या दोन पावलं पुढे होता. एका रात्री त्याच्या सदऱ्याच्या खिशात कागदाची पुडी सापडली. पंचनाम्यात वजन लिहिलं बारा ग्रॅम. ते कागदासकट की कागदाशिवाय, यावर पुढे वकिलांनी एक अख्खी तारीख घालवली. सहा वर्षांनी तो निर्दोष सुटला. पण त्या सहा वर्षांत त्याने नोकरीसाठी भरलेल्या जवळजवळ प्रत्येक अर्जात एक रकाना असायचा: ‘आपल्याविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’ तपशिलाला जागा दीड ओळ. माझं अक्षर बारीक, म्हणून ती दीड ओळ भरायला तो मला बोलवायचा. ‘अल्प प्रमाणात’ हे दोन शब्द आत बसले पाहिजेत असा त्याचा हट्ट असे. कधी बसायचे, कधी ‘प्रमाणात’ समासात जायचं. गांजाने त्याचं नक्की काय बिघडवलं हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दीड ओळीने काय बिघडवलं ते मी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.

दुसरं मत त्यानंतर वीसेक वर्षांनी जन्मलं. माझ्या मावसभावाचा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. वहिनींचा फोन आला, “भाऊजी, जरा येऊन जाल का?” गेलो. त्याच्या खोलीत विजेच्या बोर्डावरचा तो बारीकसा लाल दिवा असतो ना, त्यावर त्याने काळी चिकटपट्टी लावली होती. टीव्हीच्या दिव्यावर पट्टी, चार्जरवर पट्टी, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर दोन. लहानपणापासून कागदकाम करायचा, त्यामुळे सगळ्या पट्ट्या कोपऱ्यांसकट चोख कापलेल्या. मला ते चोख कापलेले कोपरे विसरता येत नाहीत. “काका, हळू बोला,” तो म्हणाला, “ते मोजतायत.” काय मोजतायत ते त्याने सांगितलं नाही. दोन वर्षं तो जवळजवळ रोज ओढत होता हे आम्हाला त्या आठवड्यात कळलं.

वहिनींना डॉक्टरांकडून एकच वाक्य हवं होतं: गांजामुळे झालं. डॉक्टर भले होते, पण ते वाक्य त्यांनी दिलं नाही. “ओढला नसता तर झालंच नसतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ओढला नसता तर इतक्यात आणि इतकं झालं नसतं असं मात्र मला वाटतं.” वहिनी घरी येताना गाडीत म्हणाल्या, “म्हणजे गांजामुळेच ना?” मी हो म्हणालो.

तर ही माझी दोन मतं. एक सांगतं, या पुडीसाठी पोरांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू नका. दुसरं सांगतं, ही पुडी पोरांच्या हाती लागू देऊ नका. दोन्ही खरी आहेत आणि अंतिम फेरीत दोघांना मिळून बारा मिनिटं मिळतात.

आपल्या भाषेने या खटल्याचा निकाल केव्हाच लावून टाकलाय म्हणा. चांगल्या घरात वाह्यात पोरगं निपजलं की आपण ‘तुळशीत भांग उगवली’ म्हणतो. ‘गांजेकस’ हा शब्द उच्चारला की माणसाचं नाव-गाव-शिक्षण सगळं पुसलं जातं, उरतो फक्त झुरका. दारूबाबत तीच भाषा केवढी समंजस होते पाहा. ‘घेतो’ म्हणतो आपण. ‘कधीमधी घेतो.’ काय घेतो हेही सांगावं लागत नाही. गांजा मात्र कोणी कधीमधी ‘घेतो’ असं मी ऐकलेलं नाही, तो ‘ओढतो’ किंवा ‘त्याच्या नादी लागतो’.

झाडाला यातलं काही ठाऊक नसतं. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक ग्रंथी असतात. भिंगातून पाहिलं तर काचेच्या टाचण्या उभ्या रोवल्यासारख्या दिसतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर राळेचा एक थेंब. सगळी भानगड त्या थेंबात. त्यातला नशा आणणारा रेणू, टीएचसी, १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा काढला. हा रेणू मेंदूत ज्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या कुलपांसारख्या जागांवर, जाऊन बसतो ते ग्राहक तिथे मुळात कशासाठी, हा पुढचा प्रश्न होता. १९९२ साली त्याचं उत्तर मिळालं. आपलं शरीर स्वतःच त्या कुलपाची एक किल्ली बनवतं. शोधणाऱ्यांनी तिला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत ‘आनंद’वरून. कधी नव्हे ते प्रयोगशाळेतलं एखादं नाव आपल्याला शब्दकोश न उघडता कळावं, आणि ते नेमकं इथे!

हे ग्राहक मेंदूत स्मृतीच्या, भुकेच्या, हालचालींच्या, भीतीच्या ठिकाणी दाटीवाटीने असतात. बुडाशी, जिथून श्वास चालतो तिथे मात्र विरळ. अफूच्या जातीचे पदार्थ श्वास थांबवून माणूस मारतात तसं गांजाचं होत नाही ते यामुळे. अनुकूल बाजूचे वक्ते हा मुद्दा हमखास आणतात आणि तो खरा आहे. फक्त ‘मारत नाही’ आणि ‘काही करत नाही’ यांच्यात जे अंतर आहे, ते काळ्या चिकटपट्टीने मोजायचं असतं.

आता कायदा. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ‘कॅनाबिस’ची जी व्याख्या आहे, तीच थोड्याफार फरकाने भारताच्या १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात आली. फुलांचे वा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. बिया आणि पानं त्यातून वगळलेली, पण ती शेंड्यांसोबत नसली तरच. एकाच झाडाची अशी वाटणी केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. शेंडा आरोपी, पान निर्दोष आणि शेंड्याच्या संगतीत सापडलं तर पानही सहआरोपी. माझ्या मित्राच्या वकिलाने यावरही एक तारीख घेतली होती.

बंदीच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त रमायला होतं ते १८९३-९४ च्या आयोगात. लंडनच्या संसदेत प्रश्न आला की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत म्हणे, खरं काय? सरकारने आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षीदार तपासले, खंडामागून खंड भरतील एवढा मजकूर जमवला. पण मला आवडतं ते त्यांनी इस्पितळांच्या दफ्तरात जाऊन केलेलं काम. तिथल्या नोंदवहीत एक रकाना होता, वेडाचं कारण. माणूस बहुधा पोलिसांमार्फत यायचा, सोबत नातेवाईक असतीलच असं नाही. रकाना रिकामा ठेवून चालत नसे. मग ‘गांजा पितो का?’ एवढं विचारलं, कोणी मान डोलावली, की लिहिलं गांजा. वरिष्ठांनी हे आकडे गोळा केले आणि त्यांवरून सिद्धान्त उभा राहिला. आयोगाने एका वर्षाच्या, १८९२ च्या, या नोंदी एकेक करून उकरल्या तेव्हा निम्म्याहून अधिक टिकल्या नाहीत. निष्कर्ष काढला तो असा: माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, सरसकट बंदी नको, परवाना आणि कर लावून आवर घाला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझा मित्र आठवला. दीड ओळ आठवली. रकाना असला की माणूस तो भरतोच.

पण दुसऱ्या वेळी वाचताना वहिनी आठवल्या आणि बरं वाटेनासं झालं. मीसुद्धा गाडीत हो म्हणून रकाना भरलाच होता की. शिवाय आयोगाने खोट्या नोंदी बाद केल्या, पण काही नोंदी उरल्याही. त्या माणसांची घरंही असणारच. अनुकूल बाजूचा कुठलाही वक्ता त्या उरलेल्यांबद्दल बोलत नाही.

विसाव्या शतकात सरकारांनी असे कष्ट घेणं सोडलं. अमेरिकेत १९३७ साली मारिव्हाना, म्हणजे गांजा, कर कायदा आला. अंमली पदार्थ खात्याचा प्रमुख हॅरी अँस्लिंगर खून-दरोड्यांच्या अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी सांगत त्यासाठी झटला. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचा प्रतिनिधी विरोधात साक्ष देऊन गेला, त्याचं कोणी ऐकलं नाही. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सनच्याच काळातल्या आयोगाने सांगितलं की जवळ थोडा गांजा बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. निक्सनने अहवाल बाजूला सारला. पुढे काय झालं? २०१० च्या आकड्यांवर आधारलेल्या एका अहवालात दिसलं की तिथे गांजा बाळगण्यावरून कृष्णवर्णीयांना अटक होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या ३.७३ पट होतं, आणि ओढण्याचं प्रमाण दोघांत साधारण सारखंच. पोलिसांची झडती घ्यायची नजर जिथे जाते तिथेच गुन्हा सापडतो. हे कुठल्याही देशातल्या कुठल्याही वस्तीत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. वसतिगृहाच्या त्या मजल्यावर त्या रात्री पुडी एकट्या मित्राकडेच होती असं थोडंच आहे.

इथे मी पहिल्या मताच्या बाजूने पूर्ण झुकलेला असतो. मग दुसरं मत खाकरतं.

१८९३-९४ च्या आयोगाने तपासला तो माल आणि आज मिळतो तो माल एक नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ च्या सुमारास टीएचसी साधारण ४ टक्के भरायचं. २०१४ मध्ये ते १२ च्या आसपास गेलं. त्यातून काढलेल्या अर्कांत ते ६० टक्क्यांच्या वरही असतं. आजोबांची चिलीम आणि नातवाचा व्हेप यांना एकच नाव आहे म्हणून ती एकच वस्तू ठरत नाही. ‘हजारो वर्षं लोक घेत आलेत’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. हे घेत आलेले नाहीत.

आणि मनावरचा परिणाम. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५,५७० तरुणांचा पुढे पंधरा वर्षं माग ठेवला. भरतीच्या आधी पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सहापट निघाला. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या शहरांत झालेल्या अभ्यासात, रोज कडक गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. यावरचा आक्षेपही मला ठाऊक आहे आणि तो फालतू नाही. ज्याचं मन आधीच आतून हलायला लागलंय तोच गांजाकडे वळत असेल, किंवा ज्याच्या रक्तात आजार आहे त्याच्याच रक्तात ओढही असेल. धोका सहापट झाला तरी मूळ धोकाच लहान, त्यामुळे ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही, हेही खरं. पण ‘बहुतेकांना’ हा शब्द वहिनींसमोर उच्चारून पाहा.

व्यसनाचं गणित तसंच. एकदा करून पाहणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्के पुढे त्याच्या आहारी जातात; दारूत हा आकडा १५ च्या आसपास, तंबाखूत ३२. अनुकूल बाजू इथे टाळ्या घेते. त्याच टिपणातली पुढची ओळ वाचायचं राहून जातं: कोवळ्या वयात सुरू केलेल्यांत तो सहांत एक होतो.

औषधाचा मुद्दा मी मुद्दामच मागे ठेवला, कारण तिथे दोन्हीकडचे लोक लबाडी करतात. केमोथेरपीतल्या मळमळीवर कृत्रिम टीएचसीचं औषध अमेरिकेत १९८५ पासून आहे. लहान मुलांच्या अपस्माराच्या दोन अवघड प्रकारांवर, ज्यांत दिवसाला कित्येक झटके येतात, शुद्ध सीबीडीचं, म्हणजे गांजातल्याच दुसऱ्या एका रसायनाचं, औषध तिथे २०१८ साली मंजूर झालं. सीबीडीने नशा येत नाही. प्रतिकूल बाजू याबद्दल मूग गिळून बसते. अनुकूल बाजू यावरून ‘म्हणजे वनस्पती औषधी आहे’ असं म्हणत थेट दुकानापर्यंत पोचते. मॉर्फीनही औषधच आहे की! २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांजाला १९६१ च्या करारातल्या सर्वांत कडक यादीतून बाहेर काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी. भारताने बाजूने मत दिलं. दोन मतांचा फरक. आमच्या अंतिम फेऱ्याही साधारण अशाच लागतात.

ती मुलगी आपल्या चार गुलाबी कागदांतून एक वाक्य म्हणाली होती, त्यावर मी वहीत खूण केली. ती म्हणाली, “माझे विरोधक झाडाबद्दल बोलतायत, मी दुकानाबद्दल बोलतेय.” मला वाटतं, या सगळ्या वादाची गाठ तिथेच आहे आणि तिला ते नाणेफेक हरल्यामुळे सापडलं.

कारण ‘कायदेशीर’ हा एक शब्द असला तरी त्यामागे किती निरनिराळ्या गोष्टी आहेत ते पाहा. नेदरलँड्समध्ये १९७६ पासून थोडा गांजा विकण्याकडे सरकार काणाडोळा करतं, पण दुकानदाराने तो आणायचा कुठून, याला कित्येक दशकं कायदेशीर उत्तरच नव्हतं. पुढच्या दाराने गिऱ्हाईक उजळ माथ्याने येतं, मागच्या दाराने माल चोरून. पोर्तुगालने २००१ पासून कुठल्याही अंमली पदार्थाचा वैयक्तिक वापर हा फौजदारी गुन्हा ठेवला नाही. पुडी जप्त होते आणि माणूस कोर्टाऐवजी एका समितीपुढे बसतो, जिथे कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणारी माणसं त्याच्याशी बोलतात. विक्री मात्र तिथे आजही गुन्हाच. उरुग्वेने २०१३ साली कायदा केला: नाव नोंदवा आणि घरी झाडं लावा, नाहीतर क्लबात जा, नाहीतर औषधाच्या दुकानातून घ्या; महिन्याला फार तर ४० ग्रॅम. जाहिरात नाही. कॅनडाने २०१८ साली दुकानं उघडली, पण साधं पाकीट, ठळक इशारा आणि खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात हाच आकडा १००.

हा १० आणि १०० मधला फरक कळायला खाल्लेला गांजा कसा चालतो ते माहीत असावं लागतं. ओढला तर मिनिटांत चढतो. खाल्ला तर अर्धा तास, तास, कधी दोन तास काहीच होत नाही. तो पोटातून यकृतात जातो आणि तिथे टीएचसीपासून आणखी जहाल असं दुसरं रसायन तयार होतं. इकडे माणूस घड्याळ पाहतो, ‘यात काही दम नाही’ म्हणतो आणि दुसरा तुकडा तोंडात टाकतो. मग पहिला आणि दुसरा हात धरून येतात. मोठ्या माणसाची एक रात्र वाईट जाते. पण हे पदार्थ दिसतात लहान मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांसारखे. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांच्या अशा नोंदी २०१७ साली २०७ होत्या, २०२१ साली ३०५४. यात झाडाचा काय दोष? अस्वलाच्या आकाराची रंगीत गोळी करायची कल्पना झाडाला सुचलेली नाही.

दुकानाचा हिशेब साधा असतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या दहा जणांवर त्याचं भाडं निघत नाही, रोज येणाऱ्या दोघांवर निघतं. एकूण गांजापैकी बराचसा रोज किंवा जवळजवळ रोज ओढणारेच संपवतात. म्हणजे ज्याला आपण आजारी म्हणतो तोच धंद्याचा आधारस्तंभ. सिगारेटवाल्यांनी हे गणित कसं चालवलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला, त्यावर आवर घालणारा सविस्तर कायदा मागून यायचा होता. तो आलाच नाही, दुकानं मात्र हजारोंनी आली. जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. याच्या उलट जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये प्रौढाला बाहेर २५ ग्रॅम बाळगायला, घरी तीन झाडं लावायला आणि ना-नफा क्लबाचा सभासद व्हायला परवानगी दिली, दुकान काढायला दिली नाही. दर्शनी काच नाही, रंगीत पाटी नाही, ‘एकावर एक’ नाही. कंटाळवाणी व्यवस्था. मला नशेच्या बाबतीत कंटाळवाणी व्यवस्था आवडते.

म्हणून, जिन्यातल्या त्या प्रश्नाला उशिरा का होईना, माझं उत्तर असं: ओढणाऱ्याला गुन्हेगार करू नका आणि विकणाऱ्याला व्यापारी करू नका. यात भोकं आहेत, मला दिसतात. दुकान नसेल तर काळाबाजार राहणार. (दुकान असूनही तो राहतो, कॅलिफोर्नियात कर आणि परवान्यांखाली दबलेल्या दुकानांच्या नाकासमोर तो दणक्यात चालला.) वयाची अट एकवीस ठेवली तर माझा पुतण्या एकोणीसचा होता. गाडी चालवणाऱ्याचं काय करायचं हेही सुटलेलं नाही. टीएचसी चरबीत मुरतं आणि रोज ओढणाऱ्याच्या रक्तात कित्येक दिवस सापडतं, त्यामुळे दारूसारखी नळी फुंकून ‘आत्ता चढलीय का’ ते कळत नाही. आणि स्वभावाने मी बंदीवाला माणूस आहे, हेही कबूल करायला हवं. माझ्या घरात कोणी सिगारेट पेटवली तरी मी खिडक्या उघडत फिरतो. माझी ही उदारता वहिनींच्या घरात मला तोंडातून काढता येत नाही.

पुतण्या आता सव्वीस वर्षांचा आहे. गोळ्या चालू आहेत, सकाळी झोप जड येते म्हणून कुरकुर करतो, छापखान्यात पुस्तकांच्या बांधणीचं काम शिकलाय. त्या खोलीच्या बोर्डावरचा दिवा आता उघडा असतो; भोवती गोंदाची काळपट चौकट राहिलीय, ती वहिनी घासत असतात. गेल्या रविवारी मी त्याला या स्पर्धेबद्दल सांगितलं. सांगावं की नाही हा विचार आधी दोन दिवस केला होता.

तो जिल्दीला दोरा ओवत होता. “मला डॉक्टरकडे जायचं होतं,” तो म्हणाला. “पहिल्या वर्षीच. आवाज यायला लागले तेव्हा. पण तिथे लिहून घेतात ना. लिहिलं की पोलिसांना कळणार असं वाटायचं.”

“ते आजारातलं वाटणं होतं की खरंच?”

“तेव्हा फरक कुठे कळत होता, काका.” दोरा ताणून त्याने गाठ मारली. “आणि खालीच दुकान असतं तर मी वरही आलो नसतो.”

बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. त्याने पुस्तक दाबयंत्रात ठेवलं, फिरकी आवळली आणि मग विचारलं, “मग जिंकलं कोण?”

“प्रतिकूल बाजू. अर्ध्या गुणाने.”

“कशामुळे?”

गुणपत्रिकेत शेवटी एक रकाना असतो, ‘निर्णयाचे कारण’. तिथे मी काय लिहिलं होतं ते त्याला सांगितलं: अनुकूल वक्त्याने घंटा झाल्यावरही वीस सेकंद घेतली.

तो इतका हसला की आतून वहिनी बघायला आल्या.